नव्या घराची ओल आणि पाच वर्षांची मुदत

*ताबा मिळाला, वास्तुशांत झाली, पेढे वाटून झाले. पण नव्या घरातले दोष बिल्डरकडून विनामोबदला दुरुस्त करून घेण्याचा हक्क कायद्याने पाच वर्षे दिला आहे, हे किती जणींना ठाऊक असते? आणि ठाऊक असले तरी तो वापरायचा कसा?*

‘घर पाहावे बांधून’ असे जुनी माणसे म्हणत. ती म्हणू शकत, कारण घर बांधताना ती स्वतः उभी असत. विटा नीट भाजलेल्या आहेत की कच्च्या, रेतीत माती किती, गिलाव्यावर पाणी किती दिवस मारले, हे घरातल्या आजीलाही माहीत असे. आता आपण घर बांधत नाही, बांधलेले घेतो. किल्ली हातात पडते तेव्हा सारे काही रंगाखाली झाकलेले असते. नमुना सदनिका पाहून आपण हरखतो, कर्ज काढतो, दागिने मोडतो, आणि वीस-वीस वर्षांचे हप्ते मागे लावून घेतो.

मग येतो पहिला पावसाळा. बेडरूमच्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग उमटतो. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला पोपडे धरतात. मोरीत पाणी साचते आणि सासूबाईंचा पाय घसरतो. आपण साइट ऑफिसात जाऊन सांगतो. तिथला सुपरवायझर मोठ्या अदबीने म्हणतो, “अहो ताई, नवीन बांधकाम आहे. वर्षभर थोडी ओल राहणारच. आमचा माणूस पाठवतो.” माणूस येतो, पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, रंगाचा हात मारतो आणि जातो. पुढच्या पावसाळ्यात तोच डाग, आता परातीएवढा!

असे करता करता तीन-चार वर्षे निघून जातात. साइट ऑफिस उठते, सुपरवायझर दुसऱ्या साइटवर जातो. आपण दहा वेळा सांगितलेले असते, पण त्यातल्या एकाही वेळेचा कागद हातात नसतो. गाडी अडते ती नेमकी इथे. बऱ्याच घरांत हक्क असतो, पुरावा नसतो.

कायदा काय म्हणतो

‘रेरा’ हे नाव आता सर्वांच्या कानावरून गेले आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा तो कायदा. १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला आणि महाराष्ट्रात त्यासाठी ‘महारेरा’ हे प्राधिकरण काम करते. या कायद्याच्या कलम १४ चे तिसरे पोटकलम आपल्या कामाचे आहे. त्याचा अर्थ साध्या भाषेत असा :

ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यातला दोष, कारागिरीतला दोष, मालाच्या दर्जातला दोष, सेवासुविधांतली उणीव किंवा करारनाम्यात कबूल केलेल्या गोष्टीतली कसूर आपण बिल्डरच्या नजरेस आणून दिली, तर त्याने ती तीस दिवसांच्या आत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून दिली पाहिजे. त्याने तसे केले नाही, तर आपल्याला योग्य ती भरपाई मागता येते.

आपल्या राज्यात १९६३ सालचा मालकी सदनिकांचा कायदा आहे. त्यात ही मुदत तीन वर्षांची आहे. रेराने ती पाच वर्षांची केली आणि दुरुस्तीला तीस दिवसांचे बंधन घातले.

या एका वाक्यात चार गोष्टी दडलेल्या आहेत. त्या नीट ध्यानात घ्या.

पहिली, पाच वर्षे मोजायची ती ताब्याच्या तारखेपासून. बुकिंगच्या किंवा करारनाम्याच्या तारखेपासून नव्हे. म्हणून ताबापत्र दागिन्यांसारखे जपा.

दुसरी, पाच वर्षांच्या आत दोष *नजरेस आणून द्यायचा* आहे. पाचव्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात कळवले तरी ते मुदतीत बसते. पण तोंडी कळवले होते, हे सिद्ध करायला गेलात तर नाकी नऊ येतात.

तिसरी, “आता इमारत सोसायटीच्या ताब्यात दिली, अभिहस्तांतरण झालं, आमचा संबंध संपला,” असे उत्तर हमखास मिळते. ते बरोबर नाही. सर्व सदनिकांचे अभिहस्तांतरण झाल्यावरही दोषांची ही जबाबदारी बिल्डरवर राहते, असे याच कायद्याच्या कलम ११ मध्ये स्पष्ट लिहिले आहे.

चौथी, घर मूळ मालकाकडून तुम्ही दोन वर्षांनी विकत घेतले असेल तरी उरलेली मुदत तुमच्याकडे येते. पुढे खरेदी करणाऱ्यालाही कायद्याने घरधारकच मानले आहे. भाडेकरूला मात्र हा हक्क नाही. त्याने घरमालकाकरवी तक्रार करायची.

ताब्याच्या दिवशी पिशवीत काय न्याल?

नारळ आणि हळदकुंकू तर न्यालच. त्याबरोबर एक बादली, मुलांची एक गोटी, एक नाणे, मोबाइलचा चार्जर, टेप, पेन्सिल आणि वही एवढे सामान घ्या. दिवसाउजेडी जा, आणि घाईने जाऊ नका. निदान दोन तास हाताशी ठेवा. पुरुषमंडळी बाहेर कागदपत्रे पाहत असतील, तोवर तुम्ही घर पाहा.

मोरी आणि बाथरूम : बादलीभर पाणी ओता. पाणी जाळीकडे आपणहून गेले पाहिजे. कोपऱ्यात किंवा दाराशी डबके राहिले, तर उतार चुकला आहे. पाणी उंबऱ्यावरून खोलीत तर येत नाही ना, तेही पाहा. हा दोष लहान वाटतो, पण घरात म्हातारे माणूस असले की तोच सगळ्यांत मोठा ठरतो.

फरशी : गोटी खोलीत ठेवा. ती एका दिशेने पळत सुटली तर फरशी समपातळीत नाही. नाण्याने प्रत्येक फरशीवर टकटक करा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, ढब्ब आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. अशी फरशी जड भांडे पडले की तडकते. पोकळ फरशांवर पेन्सिलीने फुली मारून फोटो काढा. त्याच छटेच्या चार-सहा जादा फरश्या मागून ठेवा. पुढे तो नमुना बाजारात मिळेलच असे नाही.

नळ आणि सिंक : सगळे नळ एकदम सोडा आणि धार पाहा. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा, आणि खाली वाकून पाइपच्या सांध्याला हात लावा. हात ओला झाला तर लगेच लिहा.

वीज : प्रत्येक खटक्यात चार्जर लावून पाहा. मेन बोर्डावर ‘टी’ अक्षर असलेले एक बटण असते. ते दाबले की घराची वीज लगेच गेली पाहिजे. विजेचा धक्का बसू लागला तर जीव वाचवणारे हेच यंत्र. बटण दाबूनही दिवे चालूच राहिले, तर तो दोष आजच्या आज दुरुस्त करून घ्यायचा. बाथरूमची ओल आणि भिंतीतली वायर एकत्र आली तर काय होईल, हे सांगायला नको.

दारे-खिडक्या : प्रत्येक दार उघडून झाकून पाहा. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला लहान भोके असतात. ती आहेत ना? सिमेंटने बुजलेली नाहीत ना? तुंबलेली भोके म्हणजे पावसात आत येणारे पाणी.

या पाहणीनंतर तुमच्यापुढे एक छापील कागद येईल. ‘सदनिकेची पाहणी केली, सर्व काम समाधानकारक आहे, कोणतीही तक्रार नाही.’ त्यावर डोळे मिटून सही करू नका. कायद्याने दिलेला हक्क अशा छापील ओळीने सहजी बुडत नाही. पण वाद घालायला समोरच्याला कोलीत मिळते. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा : ‘सोबतच्या यादीतील दोष दुरुस्त करून देण्याच्या अटीवर ताबा घेतला.’ यादीच्या दोन प्रती करा आणि एकीवर त्यांची सही-शिक्का घ्या. भोगवटा प्रमाणपत्र, पाणी व वीज यांच्या नळ-तारांचे नकाशे, पंप-गीझर-नळांची हमीपत्रे आणि गच्ची व बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचे हमीपत्र दिले असल्यास तेही त्याच वेळी मागून घ्या.

ओल काय सांगते?

स्वयंपाकात वासावरून आपल्याला कळते, काय करपले ते. ओलीचेही तसेच आहे. डाग कुठे आहे यापेक्षा तो *केव्हा* वाढतो हे पाहिले, की दोषाचे मूळ बरेचसे हाती लागते.

डाग फक्त पावसात वाढतो आणि उन्हाळ्यात वाळतो? मग पाणी बाहेरून येते. बाहेरच्या भिंतीच्या गिलाव्यातली भेग, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, किंवा वरच्या मजल्यावर असाल तर गच्ची.

डाग बारा महिने, रात्रंदिवस सारखाच ओला? मग भिंतीतल्या पाण्याच्या नळाचा संशय घ्या. रात्री घरातला मुख्य कॉक बंद करून ठेवा. दोन-तीन रात्री असे करून डाग सुकू लागला, तर दुखणे नळातच आहे.

डाग अंघोळी-धुण्यानंतर वाढतो? मग बाथरूमच्या फरशीखालचे वॉटरप्रूफिंग किंवा सांडपाण्याच्या जाळीचा सांधा फुटका आहे. आपल्याच बाथरूमच्या पाठच्या भिंतीला तळाकडून ओल चढत असेल, तर आपले बाथरूम. छतावर डाग असेल, तर वरच्यांचे. याची पक्की परीक्षा करता येते. जाळी बोळा घालून बंद करायची, फरशीवर दोन-तीन बोटे पाणी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास साठवून ठेवायचे आणि खालच्या छताकडे लक्ष ठेवायचे. हीच परीक्षा बिल्डरच्या माणसासमोर करा.

इथे एक नाजूक गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या वहिनींशी भांडण काढू नका. त्यांनी स्वतः काही तोडफोड केलेली नसेल, तर त्यांच्या बाथरूमचे काम बिल्डरनेच केलेले आहे आणि दोषही त्याचाच आहे. दोघींनी मिळून एकच पत्र लिहिले, तर त्याला “वरच्यांना विचारा, खालच्यांना विचारा” असे टोलवता येत नाही.

भिंतीवर मिठासारखी पांढरी भुकटी येते, तिला आपण लोणा म्हणतो. आत मुरलेले पाणी बाहेर येताना विटा-सिमेंटातले क्षार घेऊन येते, आणि पाणी उडून गेले की क्षार मागे राहतात. म्हणजे लोणा हा रंगाचा दोष नसून पाण्याची खूण आहे. वर कितीही भारी रंग लावला तरी मूळ बंद झाल्याशिवाय तो टिकणार नाही. आणि बुरशीच्या काळ्या ठिपक्यांकडे दुर्लक्ष नको. घरात दम्याचे माणूस किंवा लहान मूल असेल, तर त्या खोलीत त्यांना झोपवू नका, आणि पत्रात हे कारण आवर्जून लिहा.

म्हणून नव्या घरात जाणाऱ्यांना एक सल्ला. पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीला लागून भिंतभर कपाट पहिल्या पावसाळ्याआधी ठोकून घेऊ नका. आपल्याकडे पावसाचा मारा बहुधा त्याच बाजूने असतो. एक पावसाळा भिंत उघडी राहू दे. कपाटामागची ओल कपड्यांना वास येईपर्यंत कळत नाही.

भेग : घाबरायचे केव्हा?

गिलाव्यावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसले तर धास्ती नको. सिमेंट वाळताना आकसते, त्याने असे होते. कॉलम किंवा बीम आणि विटांची भिंत जिथे भेटतात, त्या रेषेवर सरळ भेग पडते तीही बऱ्याच घरांत दिसते. दोन वेगळ्या वस्तूंच्या सांध्यावर गिलाव्याखाली जाळी नीट बसवली नाही की असे होते. इमारत त्याने पडत नाही. पण कारागिरीचा दोष तो आहेच, आणि दुरुस्त करून मागता येतो.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, रुंदावत जाणारी भेग. खुद्द कॉलम, बीम किंवा स्लॅबवरची भेग. गंजाचे तांबूस ओघळ. सिमेंट सुटून दिसू लागलेली सळई, यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी लेखी कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. बिल्डरचाच इंजिनिअर “काही नाही हो” म्हणाला, यावर थांबू नका. सोसायटीतल्या चार-सहा घरांनी मिळून स्वतंत्र इंजिनिअरची फी वाटून घेतली, तर ती जड जात नाही, आणि त्याचा लेखी अहवाल पुढे फार उपयोगी पडतो.

भेग वाढते आहे की नाही हे घरच्या घरी पाहता येते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि बाजूला तारीख घाला. महिन्याने भेग रेघेच्या पुढे गेली तर ती चालती आहे. भेगेवर आडवी पातळ काचपट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टरने चिकटवून ठेवायची पद्धतही जुनी आहे. भेग हलली की काच तडकते.

हिशोबाच्या वहीशेजारी एक घराची वही

दूध, पेपर, किराणा यांचा हिशोब आपण ठेवतोच. तशीच एक वही घराची करा. पहिल्या पानावर ताब्याची तारीख आणि त्याखाली ‘मुदत संपणार’ म्हणून पाच वर्षांनंतरची तारीख ठळक लिहा. मग प्रत्येक दोषाला एक पान. काय दिसले, कुठे, कोणत्या तारखेला, कोणाला सांगितले, तो काय म्हणाला, कोण आले, काय करून गेले. फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवा, म्हणजे डागाचा आकार कळतो. तोच डाग दर महिन्याला त्याच जागेवरून टिपा.

सुपरवायझरशी फोनवर गोड बोला, त्याला चहा द्या. कामे पुष्कळदा माणुसकीनेच होतात. पण फोन झाला की त्याच दिवशी चार ओळींचा ई-मेल पाठवा. ‘आज आपल्याशी बोलणे झाल्याप्रमाणे…’ असे सुरू केले की तोंडी बोलण्याचा कागद होतो. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवलात तर बरेच. तरी मुख्य तक्रार कंपनीच्या करारनाम्यातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने अशी दोन्हीकडून जाऊ द्या. पोस्टाची पावती वहीत चिकटवा. पत्रावर करारनाम्यात ज्यांची नावे आहेत त्या सर्वांच्या सह्या हव्यात.

पत्र कसे लिहावे, याचा एक नमुना देत आहोत :

> प्रति, (कंपनीचे नाव व करारनाम्यातील पत्ता)
>
> विषय : सदनिका क्र. …, इमारत …, महारेरा नोंदणी क्र. … मधील दोष विनामोबदला दुरुस्त करण्याबाबत.
>
> महोदय,
>
> वरील सदनिकेचा ताबा आम्हांस दि. … रोजी मिळाला. सदनिकेत पुढील दोष आढळले आहेत :
>
> १. उत्तरेकडील बेडरूम, बाथरूमलगतची भिंत : तळापासून सुमारे दोन फूट उंचीपर्यंत ओल व लोणा. प्रथम दिसले दि. … . अंघोळीनंतर ओल वाढते. (फोटो १ ते ४)
>
> २. बाथरूम : जाळीकडे उतार नाही, दाराशी पाणी साचते. (फोटो ५)
>
> दि. … रोजी आपल्या माणसाने भिंतीस पुट्टी व रंग लावला होता. ओल दि. … पासून पुन्हा दिसत आहे.
>
> रेरा अधिनियमाच्या कलम १४(३) अन्वये हे दोष तीस दिवसांच्या आत विनामोबदला दुरुस्त करून द्यावेत. दुरुस्तीपूर्वी दोषाचे कारण व करावयाचे काम आम्हांस लेखी कळवावे. पाहणीसाठी आम्ही … या दिवशी घरी आहोत.
>
> आपले, (सर्व मालकांच्या सह्या)

पत्रात राग नको, टोमणे नकोत, ‘तुम्ही लोकांना लुबाडता’ अशी वाक्ये नकोत. दोष, जागा, तारीख, मागणी एवढेच. असे कोरडे पत्रच पुढे सुनावणीत बोलते.

“रंग नको, कारण सांगा”

दुरुस्तीला माणूस आला, की त्याला पहिला प्रश्न विचारा : “दादा, पाणी कुठून येतंय?” त्याला सांगता आले नाही, तर त्याला रंगाचा डबा उघडू देऊ नका. आधी कारण शोधायचे, मग मूळ बंद करायचे, मग भिंत पुरती वाळू द्यायची, आणि शेवटी पुट्टी-रंग. हा क्रम उलटला की काम वाया जाते. सध्या बऱ्याच घरांत आतून जिप्समचा गिलावा असतो. तो पाण्याने मऊ पडून भुसभुशीत होतो. तेवढा भाग खरवडून नव्याने करावा लागतो, वरवर लिंपून भागत नाही.

बाथरूमची फरशी उकरायची ठरली, तर नवे वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसवण्यापूर्वी पुन्हा पाणी साठवण्याची परीक्षा करून मागा. “दोन दिवस बाथरूम बंद ठेवणं आम्हाला परवडेल, पुन्हा फोडणं परवडणार नाही,” असे स्पष्ट सांगा. काम संपल्यावर ते ‘समाधानकारक’ असल्याच्या कागदावर लगेच सही करू नका. पावसाची ओल असेल, तर ‘पुढील पावसाळ्यानंतर खात्री करून कळवू’ असे लिहा.

एक पथ्य मात्र आपल्याकडून पाळले गेले पाहिजे. पुष्कळ करारनाम्यांत अशी अट असते, की बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय घरधारकाने बाथरूम, स्वयंपाकघर, नळ-पाइप यांत फेरफार केला तर दोषांची जबाबदारी संपेल. म्हणून “बाथरूमच्या फरशा आवडल्या नाहीत, बदलून घेऊ” असा बेत असेल, तर आधी लेखी विचारा. अंतर्गत सजावटीचे काम सुरू करण्यापूर्वी घराच्या प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. नाहीतर “हे तुमच्या सुतारानेच केलंय” हे उत्तर तयार असते. आपल्या हातून झालेली मोडतोड आणि नेहमीच्या वापराची झीज हे दोष नव्हेत, तेही मान्य करायला हवे.

आणि समजा, ओल सोसवेना म्हणून स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करून घ्यायची वेळ आली, तर आधी पत्र पाठवा, तीस दिवस जाऊ द्या, इंजिनिअरचा अहवाल आणि दोन-तीन अंदाजपत्रके घ्या, फोटो काढा, मगच हातोडा पडू द्या. पावत्या पक्क्या घ्या. दोष नाहीसा झाल्यावर तो होता, हे दाखवायला दुसरे काही उरत नाही. विजेचा किंवा पडझडीचा धोका असेल, तर मात्र तीस दिवस थांबू नका. फोटो काढून, कळवून, ताबडतोब काम करून घ्या.

गच्ची, लिफ्ट, टाकी : सर्वांचे दुखणे

गच्चीची गळती, बाहेरच्या भिंतींच्या भेगा, टाकीची झिरपण, सतत बंद पडणारी लिफ्ट, तळघरात साचणारे पाणी हे कुणा एकीचे प्रश्न नाहीत. इथे सोसायटीने पत्र लिहावे. वार्षिक सभेत केवळ चर्चा नको. ठराव करा आणि तो इतिवृत्तात आणा. प्रत्येक घरातून दोषांची यादी मागवून एकत्र तक्ता करा. एका घरात ओल असली तर ती त्या घराची कटकट वाटते. एकाच रांगेतल्या नऊ घरांत तशीच ओल असली तर सबंध इमारतीच्या कामातली खोट उघडी पडते. हळदीकुंकवाला जमतो तेव्हा “तुमच्याकडेही ओल आहे का हो?” एवढे विचारले तरी या कामाची सुरुवात होते.

जुन्या इमारतीचा पुनर्विकास होत असेल, तर जुन्या सभासदांनी आपल्या घरांसाठीही दोषदुरुस्तीची मुदत विकास करारनाम्यात स्पष्ट लिहून घ्यावी. विक्रीच्या सदनिकांना जे मिळते ते आपल्याला आपोआप मिळेल, असे गृहीत धरू नये.

ऐकलेच नाही तर?

तीस दिवस उलटले, स्मरणपत्रही गेले, तरी हालचाल नाही. अशा वेळी दोन दारे उघडी आहेत.

एक महारेराचे. प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असेल, तर त्यांच्या संकेतस्थळावरून शुल्क भरून तक्रार करता येते. करारनामा, ताबापत्र, पत्रव्यवहार, फोटो आणि इंजिनिअरचा अहवाल जोडायचा. म्हणजे आपली घराची वहीच तिथे कामाला येते! मुख्य कार्यालय मुंबईत आहे. पुणे आणि नागपूर येथेही कार्यालये आहेत. भांडण न वाढवता मिटवायचे असेल, तर २०१८ पासून महारेराचे सलोखा मंच आहेत. त्यात ग्राहक संघटनेचा आणि बिल्डरांच्या संघटनेचा असे दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी बसून तडजोड घडवतात. भरपाईचा हुकूम होऊनही बिल्डरने पैसे दिले नाहीत, तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, वसूल करण्याची तरतूद आहे. वसुलीला वेळ लागतो, हे मनाशी धरून चाला.

दुसरे दार ग्राहक आयोगाचे. रेरा आला म्हणून हे दार बंद झालेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तसे स्पष्ट केले आहे. घरासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवे, हे विसरू नका. पाच वर्षे आहेत म्हणून इथे निवांत राहिलात तर पंचाईत होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था १९७५ पासून या क्षेत्रात आहेत. त्यांचा सल्ला घ्यायला संकोच कसला?

कोणते दार ठोठवायचे हे वकिलाला किंवा ग्राहक संस्थेला विचारून ठरवा. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे धावू नका.

यंदाच्या पावसाळ्याआधी एवढे करा

ताबापत्र काढून तारीख पाहा. मुदत किती उरली ते मोजा. चार वर्षे उलटली असतील, तर एक रविवार काढून सगळे घर बादली, गोटी आणि नाणे घेऊन पुन्हा तपासा. जे दिसेल ते एकाच पत्रात लिहा आणि पाठवा. मुदत नुकतीच सुरू झाली असेल, तर दर वर्षी दोनदा, म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर आणि दिवाळीच्या साफसफाईत, ही तपासणी करा. दिवाळीला कपाटे हलतातच, मागची भिंत तेवढ्यात दिसते.

मैत्रिणींनो, घरातला डाग बहुधा आपल्याच नजरेला आधी पडतो, आणि “जाऊ दे, रंगवून घेऊ” असेही बहुधा आपणच म्हणतो. पाहुणे यायचे असतात, सण असतो, घर वाईट दिसते. या वेळी रंगवायच्या आधी त्याचा फोटो काढा, वहीत तारीख घाला आणि पत्र टाका. पाहुण्यांना डाग दिसला तर दिसू दे. घर नवे आहे आणि मुदत अजून बाकी आहे, असे त्यांना खुशाल सांगा.